कल्पनेला चौथी सीट

विठ्ठलवाडी म्हटलं की पुण्याचा माणूस सिंहगड रस्त्याकडे बोट दाखवतो. आमची ती नव्हे. कल्याण सोडलं की मध्य रेल्वेला दोन फाटे फुटतात, एक कसाऱ्याला जातो, एक कर्जतला. कर्जतच्या फाट्यावरचं पहिलं स्टेशन ते आमचं. एका अंगाला कल्याण पूर्व, दुसऱ्या अंगाला उल्हासनगरचे कॅम्प, जवळ एसटीचं आगार, आणि वालधुनी नदी, जिच्या पुलावरून जाताना न शिकवता प्राणायाम होतो. लोकल इथून सुटत नाही, इथे संपतही नाही. सकाळी जी येते ती बदलापूर-अंबरनाथहून ठासून भरून येते. अशा गाडीत रोज शिरणाऱ्या माणसाला डोकं नाही असं कोण म्हणेल? दोन बोटं जागेत तो स्वतःला, बॅगेला, डब्याला आणि पावसाळ्यात छत्रीलाही बसवतो. पण हाच माणूस रविवारी गणेशोत्सव मंडळाच्या मीटिंगला येऊन प्लास्टिकच्या खुर्चीवर ऐसपैस बसला, की त्याला केदारनाथशिवाय काही सुचत नाही.

देखाव्याची पहिली मीटिंग आषाढात होते. विषय एकच असतो: यंदा काय करायचं? अध्यक्ष विचारतात, "बोला, कुणाच्या डोक्यात काय आहे?" हा प्रश्न विचारला, की सगळ्यांच्या डोक्यात जे होतं तेही निघून जातं. मग एक जण पंख्याकडे बघतो, एक जण मोबाईलमध्ये. मागच्या रांगेतला कुणीतरी घसा खाकरतो, सगळे आशेने वळतात, आणि तो म्हणतो, "केदारनाथ."

"केदारनाथ मागच्या वर्षी पलीकडच्या मंडळाने केलं."

"मग आपण मोठं करू."

याला आमच्याकडे सर्जनशीलता म्हणतात. दोष एकट्या विठ्ठलवाडीचा नाही. २०२३ साली २३ ऑगस्टला चांद्रयान-३ चंद्रावर उतरलं आणि १९ सप्टेंबरला गणपती बसले. मधल्या सत्तावीस दिवसांत अवघ्या महाराष्ट्राला एकच कल्पना सुचली. त्या वर्षी कल्याणपासून कोल्हापूरपर्यंत कुठल्याही मंडपात शिरलं तरी बाप्पा चंद्रावर, उंदीर रोव्हरजवळ, आणि प्रत्येक कार्यकर्ता छाती पुढे काढून सांगतो, "यंदा जरा हटके केलंय."

पहिल्या दमात डोक्यात येतं ते सगळ्यांच्याच डोक्यात आलेलं असतं. ते आधी बाहेर पडू द्यावं लागतं. नळाला पाणी आलं की आमच्या वहिनी पहिली बादली ओतून टाकतात, तेवढा धीर कल्पनेच्या बाबतीत ठेवला तरी पुष्कळ झालं. पण मीटिंगला धीर नसतो. तिला पहिल्याच बादलीचा चहा करायचा असतो.

आणि चुकून दुसरी, तिसरी कल्पना आलीच, तर तिचा समाचार घ्यायला माणसं नेमलेली असतात. मंडळाच्या घटनेत ही पदं नाहीत, पण प्रत्यक्षात असतात. पहिले, "करून झालंय"वाले. यांच्या मते १९९४ सालीच सगळं करून झालेलं आहे. दुसरे, "परवानगी"वाले. कागदी कमळ म्हटलं तरी यांना अग्निशमन दल दिसतं. तिसरे खजिनदार. ते काहीच बोलत नाहीत, फक्त पावती-पुस्तक उघडतात आणि मिटतात. चौथे सल्लागार अण्णा. मागच्या वर्षी अकरावीतल्या एका पोराने हात वर करून म्हटलं, "अण्णा, आपण आवाज नसलेला देखावा केला तर? नुसत्या सावल्यांचा?" अण्णा मायेने म्हणाले, "बाळा, तू आधी बारावी हो." पोरगं बारावीत गेलं, पण मीटिंगला परत आलं नाही.

ॲलेक्स ऑसबर्न नावाच्या अमेरिकन जाहिरातवाल्याने या प्रकारावर इलाज काढला होता. बीबीडीओ या एजन्सीच्या नावात चार भागीदारांची आडनावं आहेत आणि त्यातलं शेवटचं 'ओ' या गृहस्थांचं. (आपल्याकडे बॅनरवर नाव शेवटी आलं की मंडळ फुटतं. हे पुस्तकं लिहीत बसले.) १९४८ आणि १९५३ च्या पुस्तकांतून त्यांनी 'ब्रेनस्टॉर्मिंग' जगभर नेलं. नियम चार. कुणाच्याही कल्पनेला लगेच नावं ठेवायची नाहीत. जितक्या जास्त कल्पना तितकं बरं. वेडगळ कल्पनेचं खास स्वागत. दुसऱ्याच्या कल्पनेत भर घालायची. आता हे नियम आमच्या मीटिंगला लावून पाहा. नावं ठेवायची नाहीत म्हटलं तर निम्मे सभासद येणारच नाहीत, कारण ते तेवढ्यासाठीच येतात.

पण गंमत पुढे आहे. १९५८ साली येल विद्यापीठात टेलर, बेरी आणि ब्लॉक या तिघांनी ऑसबर्नचा दावा तपासला. चार-चार जणांचे गट बसवले, आणि दुसरीकडे तेवढीच माणसं एकेकटी बसवून त्यांच्या कल्पनांची नंतर बेरीज केली. एकेकट्यांच्या कल्पना जवळजवळ दुप्पट निघाल्या. चौघांनी एकत्र बसून जेवढं सुचलं त्याच्या दुप्पट चौघांना चार खोल्यांत सुचलं! ही बातमी आमच्या मंडळात कळली असती तर मीटिंगचा चहा कधीच बंद झाला असता, म्हणून ती खजिनदारांपर्यंत पोहोचू दिलेली नाही.

कारणही पुढे सापडलं. १९८७ मध्ये जर्मनीतल्या डील आणि श्ट्रोबे या संशोधकांनी दाखवलं, की लाज किंवा आळस यापेक्षा मोठा अडसर साधा आहे: एका वेळी एकच माणूस बोलू शकतो. एक बोलतो तेव्हा बाकीचे आपली कल्पना धरून बसतात, आणि धरता धरता ती सुटून जाते. हे समजायला मला जर्मनीपर्यंत जायची गरज नव्हती. आमच्याकडे माईक एकच आहे आणि तो अध्यक्षांच्या मेहुण्याकडे असतो. "हॅलो, हॅलो" म्हणून, मान्यवरांची नावं घेऊन, दिवंगत सभासदांना श्रद्धांजली वाहून माईक माझ्यापर्यंत येईतो मला एवढंच आठवतं, की मला काहीतरी आठवत होतं.

मग करायचं काय? उपाय आमच्याकडे महिला मंडळात कित्येक वर्षं चालू आहे, फक्त कुणी त्याला उपाय म्हणत नव्हतं. चहाचा ट्रे घेऊन आलेल्या वहिनी एकदा दारातच थांबल्या. आतली शांतता ऐकून म्हणाल्या, "अहो भाऊजी, भिशीसारख्या चिठ्ठ्या काढा की. ज्याने त्याने लिहा, घडी घाला, डब्यात टाका." सगळे हसले. हसण्यासारखं काही नव्हतं. बर्न्ड रोरबाख या जर्मन माणसाने १९६८ मध्ये हेच केलं आणि त्याला ६-३-५ असं भारदस्त नाव दिलं. सहा माणसं, प्रत्येकाने पाच मिनिटांत तीन कल्पना कागदावर लिहायच्या, कागद शेजाऱ्याकडे सरकवायचा, शेजाऱ्याने वरचं वाचून खाली आणखी तीन लिहायच्या. सहा फेऱ्या, अर्धा तास, एकशे आठ कल्पना. जपमाळेतल्या मण्यांइतक्या! आणि या अर्ध्या तासात कुणीही कुणाला "तू आधी बारावी हो" म्हणू शकत नाही, कारण तोंड बंद आहे आणि हात गुंतलेला आहे.

आमच्याकडे चिठ्ठ्यांना एकच अडचण आली. निनावी लिहायचं ठरलं, पण खजिनदारांचं अक्षर वर्गणीच्या पावत्यांमुळे घराघरांत ओळखीचं. त्यांची "देखावा नको, रोषणाई पुरे" ही चिठ्ठी उघडली तेव्हा पोरांनी शिट्ट्या मारल्या. पुढच्या फेरीला त्यांनी डाव्या हाताने लिहिलं. तेही "रोषणाई कमी" असंच होतं.

चिठ्ठ्यांनी गाडी हलली, पण चिठ्ठीवर लिहायला काहीतरी सुचावं तर लागतं. त्यासाठी विठ्ठलवाडीच्या माणसाने पुस्तक वाचायची गरज नाही, त्याने आपला सकाळचा प्रवास आठवावा. मुंबईला जायचं आहे, म्हणजे कल्याणच्या दिशेने. पण जाणकार माणूस समोरच्या फलाटावरून बदलापूरची गाडी पकडतो, उलटा जातो, तीच गाडी परत फिरते तेव्हा खिडकीत बसलेला असतो, आणि विठ्ठलवाडी आली की फलाटावरच्या आपल्या शेजाऱ्याला आतून हात करतो. पास तेवढा बदलापूरपर्यंतचा काढलेला असावा. पुढे जायचं असेल तर आधी मागे जावं, हा विचार इथे सातवी पास माणूसही अमलात आणतो. कल्पनांच्या बाबतीतही ही युक्ती चालते. प्रश्न उलटा करायचा.

एका मीटिंगला कुणीतरी वैतागून म्हणालं, "चांगला देखावा सुचत नाही ना? मग सांगा, सगळ्यांत भिकार देखावा कसा करता येईल?" आणि काय सांगू! जी सभा तासभर पंख्याकडे बघत होती ती एकदम फुटली. माईकची वाट कुणी पाहीना.

"जनरेटर मंडपाच्या तोंडाशी ठेवायचा, म्हणजे देखावा ऐकूच येणार नाही!"

"कॉमेंट्री पंधरा मिनिटांची, आणि त्यात मध्येमध्ये साहेबांच्या वाढदिवसाच्या शुभेच्छा!"

"रांग रिक्षा स्टँडमधून न्यायची!"

"म्हाताऱ्यांना उभं करायचं आणि कार्यकर्त्यांना खुर्च्या!"

"पुतळ्यांचे हात असे हलवायचे की अफजलखान शिवाजी महाराजांना टाटा करतोय असं वाटलं पाहिजे!"

"ओ, ते आपण केलंय," मागून कुणीतरी हळूच म्हणालं.

लोकांना चांगलं काय ते सांगता येत नाही, पण वाईट काय ते तोंडपाठ असतं. तक्रार हा आपला मातृभाषेइतकाच पक्का विषय. दहा मिनिटांत फळा भरला. मग एकेक ओळ उलटी केली: आवाज कमी, गोष्ट छोटी, रांगेत बाकडी, हलणारे पुतळे नकोत. आता नीट बघा, यातून जो देखावा तयार होतो तो त्या अकरावीतल्या पोराच्या सावल्यांच्या फार जवळ जातो. पण तेव्हा हे बोलून दाखवायची कुणाची हिंमत नव्हती, कारण अण्णा समोर होते.

सुचण्याच्या जागा हा आणखी एक विषय. विचार करायला शांत खोली लागते असं म्हणणाऱ्यांनी हेन्री प्वांकारे या फ्रेंच गणितीची हकिकत ऐकावी. बरेच दिवस एका गणिताशी झटून त्यांनी तो विषय बाजूला टाकला आणि सहलीला निघाले. कुतांस गावी घोड्यांच्या बसच्या पायरीवर पाय ठेवला आणि त्याच क्षणी उत्तर डोक्यात लख्ख उभं राहिलं. आमच्याकडे लोकलच्या पायरीवर पाय ठेवताना जे शब्द सुचतात ते गणितातले नसतात. पण पायरीपेक्षा त्याआधीची झटापट महत्त्वाची. आधी डोकं खाजवून रक्त काढायचं आणि मग विषय सोडून द्यायचा, या क्रमाने केलं तर डोकं मागच्या दाराने काम करत राहतं. आमचे कार्यकर्ते या दोन टप्प्यांतला फक्त दुसरा करतात.

चालण्याचंही तसंच. स्टॅनफर्डच्या ओपेझो आणि श्वार्ट्झ यांनी २०१४ मध्ये दाखवून दिलं, की बसलेल्यापेक्षा चालणाऱ्याला नव्या कल्पना बऱ्याच जास्त सुचतात, अगदी कोऱ्या भिंतीकडे तोंड करून ट्रेडमिलवर चाललं तरी. प्रयोग विठ्ठलवाडीत करायचा तर अडचण कोऱ्या भिंतीची आहे. आमच्या प्रत्येक भिंतीवर क्लासेस, मूळव्याध किंवा भावी नगरसेवक आहेत. तरी सांगतो, मीटिंग संपल्यावर स्टेशनपर्यंत चालत जाताना जे बोलणं होतं तीच खरी मीटिंग. फक्त सुचलेलं तिथल्या तिथे टिपून ठेवावं. जे. के. रोलिंग यांना १९९० मध्ये मँचेस्टरहून लंडनला जाताना रखडलेल्या गाडीत हॅरी पॉटर सुचला, पण जवळ चालू पेन नव्हतं आणि दुसऱ्याकडे मागायला संकोच वाटला. त्या आमच्या डब्यात असत्या तर पेन मागायच्या आधीच तिघांनी दिलं असतं आणि चौथ्याने विचारलं असतं, "काय लिहिताय?"

पैसे नाहीत म्हणून काही सुचत नाही, असं खजिनदार म्हणतात. यावर मला दादासाहेब फाळके आठवतात. गिरगावच्या एका तंबूत ख्रिस्ताच्या आयुष्यावरचा मूकपट बघताना त्यांच्या डोळ्यांसमोर ख्रिस्ताच्या जागी राम-कृष्ण दिसू लागले. म्हणजे होतं ते सगळं तसंच ठेवून नायक तेवढा बदलला. आता हे आणि आमचं "आपण मोठं करू" यात फरक काय, तर त्यांनी आकार बदलला नाही, माणूस बदलला. भांडवल हवं होतं, पण नुसतं तोंडाने सांगून कोण देणार? त्यांनी कुंडीत मटार पेरला, रोज थोडं थोडं चित्रण केलं, आणि अंकुराचा वेल होताना पडद्यावर दाखवला. सावकार पटला. भाषणापेक्षा मटार बोलका. पुढे राणी तारामतीसाठी बाई मिळेना. त्या काळी चांगल्या घरच्याच काय, इतरही बायका नाही म्हणाल्या. तेव्हा खानावळीतल्या आचाऱ्याला, अण्णा साळुंके यांना, लुगडं नेसवलं आणि ३ मे १९१३ ला 'राजा हरिश्चंद्र' लागला. याच साळुंक्यांनी १९१७ च्या 'लंकादहन'मध्ये राम आणि सीता दोघंही केले. खर्चाची अशी बचत आमच्या खजिनदारांच्याही स्वप्नात आली नसेल.

अडचण आली की डोकं चालतं, हे आम्हीही अनुभवलं आहे. २०१८ च्या मार्चमध्ये राज्यात थर्माकोलवर बंदी आली तेव्हा मंडळात सुतक पडलं होतं. थर्माकोल नाही म्हणजे महाल नाही, महाल नाही म्हणजे बाप्पा बसणार कुठे? मग पुठ्ठा आला, साड्या आल्या, बांबू आला, उल्हासनगरच्या फर्निचर बाजारातले प्लायचे तुकडे आले. देखावे बरे दिसू लागले. आता तेच लोक म्हणतात, थर्माकोल मुळात आम्हालाच नको होता.

या वर्षीची गोष्ट सांगतो. दोन रविवार चिठ्ठ्या झाल्या. त्यात केदारनाथ निघालाच, तो बाजूला ठेवला. एका चिठ्ठीवर होतं, "लोकलचा डबा". दुसऱ्या एका चिठ्ठीवर, "वारी, कारण आपलं गाव विठ्ठलाचं". दोन्ही चिठ्ठ्या नापास होण्याच्या बेतात होत्या. डबा म्हणजे रोजचंच, आणि वारी करून झालेली. तेवढ्यात वहिनींनी दोन्ही उचलून एकमेकींवर ठेवल्या. वडा वेगळा होता, पाव वेगळा होता. १९६० च्या दशकात दादर स्टेशनाबाहेर अशोक वैद्यांनी एकात दुसरा घातला आणि मुंबईची भूक भागली. तसंच हे. गाडीत टाळ वाजवत भजन करणारी मंडळी आम्ही रोज ऐकतोच. तर डब्यातच दिंडी उतरवायची. हँडलला लोंबकळणारे वारकरी, वरच्या रॅकवर तुळशीवृंदावन, आणि तिघांच्या बाकावर दाटीवाटीने सरकून बाप्पाला चौथी सीट. सगळं पुठ्ठ्याचं, मागून दिवा, समोर पडदा, नुसत्या सावल्या. आवाज टाळांचाच.

एक मिनिट कुणी बोललं नाही. खजिनदारांनी पावती-पुस्तक उघडलं, मिटलं, आणि म्हणाले, "बसतंय." अण्णा म्हणाले, "हे मी मागंच सांगितलं होतं."

इथे खरी मीटिंग सुरू झाली. कल्पना सुचेपर्यंत ती कुणाचीच नसते, आणि पास झाली की सगळ्यांची असते. सार्वजनिक गणेशोत्सवाची मूळ कल्पना टिळकांची १८९३ ची की भाऊसाहेब रंगारींची १८९२ ची, यावर पुण्यात २०१७ साली, सव्वाशेव्या वर्षाच्या सोहळ्यात, चांगलीच जुंपली होती. तिथे एवढ्या मोठ्यांचं हे, मग आमचं काय! डबा कुणाचा, वारी कुणाची, सावल्या कुणाच्या, सगळे हक्क सांगू लागले. ज्या पोराच्या सावल्या होत्या ते पोरगं त्या वेळी क्लासला होतं. वहिनी चहाचे कप गोळा करत होत्या. अखेर तोडगा निघाला, की कमानीच्या बॅनरवर 'संकल्पना' असं लिहून खाली कार्यकारिणीतली, सल्लागार मंडळातली आणि मागच्या वर्षी वर्गणी जास्त दिलेली अशी सगळी नावं फोटोसकट टाकायची. पोराचं आणि वहिनींचं नाव घालायचा ठराव मीच मांडला आणि तो हात वर करून मंजूरही झाला, म्हणजे यादी आणखी वाढली.

रात्री बॅनरवाल्याचा अध्यक्षांना फोन आला. स्पीकरवर होता, म्हणून आम्हीही ऐकला.

"भाऊ, सगळी नावं बसतायत. फक्त बाप्पा थोडा लहान करायला लागंल. करू का?"

अध्यक्षांनी सभेकडे बघितलं. कुणी काही बोललं नाही, त्यामुळे ते एकमताने मंजूर झालं.